फॉन्तेनब्लो ते ब्रियार: भाड्याची ग्रॅव्हल सायकल आणि आखून दिलेला रस्ता

दादरच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं बेस्टच्या बसगाड्यांच्या ब्रेकवर काम केलं. त्यामुळे भाड्याची कुठलीही गाडी हातात आली की मी आधी ब्रेक दाबतो, मग चाक उचलून फिरवतो आणि कान लावून ऐकतो. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या सायकल दुकानातही तेच केलं. दुकानदार थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग आत गेला, स्टँड घेऊन आला, सायकल त्यावर चढवली आणि काहीतरी बोलला. लेक म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, आता नीट बघा, घाई नाही." दुकानाबद्दल माझं पहिलं मत तिथेच चांगलं झालं.

माझी लेक दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त पॅरिसला आहे. गणपती झाल्यावर सप्टेंबरात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून फॉन्तेनब्लो ते ब्रियार ही चार दिवसांची सायकल फेरी केली. मी मुलुंडला राहतो. दर रविवारी आमचा सहा जणांचा ग्रुप येऊरला नाहीतर आरेत जातो, पाऊस संपला की तानसापर्यंत. सायकल, राहणं आणि आखलेला रस्ता असं सगळं त्या दुकानाचं एकत्र पॅकेज होतं. ग्रुपमधले सगळेच विचारतात की ते घेण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. दुकानाचं नाव मात्र इथे देत नाही. पुढे एक तक्रार आहे, ती मी त्यांना समोरासमोर सांगितली आणि त्यांनी ती मान्य केली. बाप-लेकाचं छोटं दुकान आहे. तेवढ्या एका चुकीसाठी त्यांचं नाव कायमचं लोकांसमोर टांगायला माझं मन होत नाही.

आधी पैशांचं बोलू. माणशी ३९० युरो. त्यात चार दिवस सायकल, तीन रात्री राहणं, सकाळचा नाश्ता, सायकलच्या स्क्रीनवर घालायची रस्त्याची फाइल आणि अडचण आली तर करायचा फोन नंबर. दुपारचं आणि रात्रीचं जेवण आपलं आपण. युरो शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे माणशी चाळीस हजार झाले. साठवणीतले पैसे होते, त्यामुळे एकेका गोष्टीची किंमत वसूल झाली का हे मी बघत होतो. सायकलची झाली. राहण्याची झाली. आणि सगळ्यात जास्त वसूल झाली ती रस्त्याच्या फाइलची, जिच्याकडे मी निघताना लक्षही दिलं नव्हतं.

सायकलबद्दल. ग्रॅव्हल म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, आमच्या सायकलींना ४० मिलिमीटरचे. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानोचे जीआरएक्स गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच चक्र. ब्रेकची लिव्हर पहिल्या एक तृतीयांशातच कडक लागत होती, म्हणजे लाइनमध्ये हवा नव्हती. चेन नवी होती, बेअरिंगला आवाज नव्हता. दुकानदाराच्या मुलाने माझं वजन विचारलं, वहीत बघितलं आणि पुढे ३२, मागे ३५ पीएसआय हवा भरली. आपल्याकडे इतकी कमी हवा भरून कोणी देत नाही, टायर दगडासारखा टणक लागला की गिऱ्हाईक खूश होतं. मातीच्या वाटेवर पहिल्या दोन किलोमीटरमध्येच फरक कळला. टायर खड्यांवरून उडत नव्हता, खड्यांना पोटात घेत होता. मुंबईहून आपली सायकल खोक्यात घालून न्यावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, नेऊ नका. तिथल्या जमिनीचा टायर तिथलाच माणूस निवडू शकतो.

फॉन्तेनब्लोचा राजवाडा आम्ही बाहेरूनच बघितला. घोड्याच्या नालेसारखा दुहेरी जिना आहे, त्याच्या पायथ्याशी २० एप्रिल १८१४ रोजी नेपोलियनने आपल्या सैनिकांचा निरोप घेतला होता. सायकली कुठे ठेवायच्या हा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मला जंगलात शिरायची घाई झाली होती.

जंगल बोरिवलीच्या आपल्या राष्ट्रीय उद्यानाच्या जवळपास दुप्पट. ओक, बीच, पाइन, आणि मध्येच घराएवढे करडे दगड. शनिवार होता, त्यामुळे पाठीवर गादी बांधलेली तरुण मुलंमुली घोळक्याने चालत होती. त्या गाद्या दगडाखाली अंथरून, दोर न लावता, ती त्या दगडांवर चढतात. एका मुलीला एकाच दगडावरून चार वेळा पडताना आणि पाचव्यांदा वर पोचताना आम्ही उभे राहून बघितलं. माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या.

इथे एक नियम आहे, जो बाहेरून येणाऱ्याला माहीत नसतो. या जंगलात अडीच मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायची नाही, त्या वाटा चालणाऱ्यांच्या. १८४० च्या दशकात देनकूर नावाच्या, नेपोलियनच्या फौजेतून आलेल्या माणसाने स्वतःच्या खिशातून खर्च करून इथे पायवाटा आखल्या आणि दगडांवर निळ्या खुणा केल्या. त्या निळ्या खुणा अजून आहेत. चित्रकारांनीही या झाडांसाठी आवाज उठवला, आणि १८६१ साली जंगलाचा एक भाग तोडीपासून वाचवला गेला. निसर्गासाठी राखून ठेवलेल्या जगातल्या अगदी पहिल्या जागांपैकी ही एक. आरेच्या झाडांसाठी रात्री रस्त्यावर उतरलेली पोरं मला तिथे आठवली. चित्रकारांना तेव्हा लोक काय म्हणाले असतील, तेही मनात आलं.

आमच्या फाइलने एकदाही अरुंद वाटेत घातलं नाही. ही गोष्ट मोठी आहे. फोनवरच्या फुकटच्या ॲपकडे त्याच दोन ठिकाणांमधला रस्ता मागितला, तर त्याने सरळ पायवाटेवरून नेला, हे मी रात्री ताडून बघितलं.

आणि फाइलमध्ये नुसती रेघ नव्हती. जागोजागी बारीक सूचना होत्या, लेक मोठ्याने वाचून दाखवायची. "पुढे २०० मीटर सुटी वाळू, उतरून चाला." "डावीकडे शेतावर कुत्रा आहे, बांधलेला असतो." "कब्रस्तानाच्या फाटकाशी नळ, पाणी पिण्याचं." हे शेवटचं लक्षात ठेवा. फ्रान्सच्या खेड्यांत दुकान बंद असेल, हॉटेल नसेल, पण कब्रस्तानात फुलांना घालायला नळ असतो. नळावर पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यावी. आधी माझं मन कचरत होतं. पण तिथे एक आजी आपल्या माणसाच्या थडग्यावरची कुंडी धूत होत्या. त्यांनी स्वतःच नळाकडे बोट दाखवलं आणि बाटली भरेपर्यंत कळ दाबून धरली.

बार्बिझों गावात दुपार झाली. एकोणिसाव्या शतकात चित्रकार इथे येऊन राहिले, मिले त्यांच्यातलेच. गावाबाहेर जंगल संपतं आणि एकदम सपाट शेतं लागतात. त्याच मैदानात मिले यांनी पीक निघाल्यावर सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या, १८५७ साली. माझी आजी संगमेश्वरजवळ दुसऱ्याच्या खाचरात सरवा वेचायची, हे आईने सांगितलेलं. सप्टेंबरात गहू कधीच निघालेला असतो, नुसतं पिवळं खुंट उरलेलं. मी सायकल आडवी ठेवली आणि जरा वेळ तिथे उभा राहिलो. लेकीने काही विचारलं नाही.

त्यानंतर त्रुआ पिन्योंची वाळू. पांढरीशुभ्र, पिठासारखी बारीक. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याची ही वाळू, इतकी शुद्ध की काच बनवायला वापरतात. जंगलाच्या मध्यावर गुहागरचा किनारा उचलून आणून ठेवावा असं दिसतं. पण सायकल तिथे चालत नाही. फाइलमध्ये "उतरून चाला" लिहिलं होतं ते २०० मीटर, आम्ही मोजलं तर सव्वातीनशे भरले. एवढा फरक चालेल. वाळूने चेन मात्र दळायला लागली. संध्याकाळी मिली-ला-फोरेला पोचल्यावर मी आधी चेन पुसली, मग अंघोळ केली.

मिलीच्या चौकात लाकडी खांबांवर उभं असलेलं बाजाराचं छप्पर आहे, १४७९ सालचं. ओकची लाकडं, खाली फरसबंदी, भिंती नाहीत. एवढं जुनं लाकूड मी कधी हात लावून बघितलं नव्हतं. खांबाच्या कोपऱ्यांवर माणसांच्या खांद्यांनी झिजून गुळगुळीत झालेले पट्टे आहेत. हे गाव पुदिन्यासाठी प्रसिद्ध. आमच्या खोलीच्या मालकिणीने रात्री त्याचाच काढा दिला, साखर न घालता. सायकली त्यांनी कुलपाच्या खोलीत ठेवल्या, तिथे पंप आणि नट आवळायचे पाने टांगलेले होते. सायकलवाल्यांना सामावून घेणाऱ्या घरांना तिकडे देशभर चालणारं एक चिन्ह मिळतं, "आकय व्हेलो" असं. रस्त्यापासून पाच किलोमीटरच्या आत असणं, कुलपाची जागा, दुरुस्तीची हत्यारं, अशा त्याच्या अटी आहेत. तिन्ही घरं त्या चिन्हाची होती आणि तिन्ही ठिकाणी अटी खरोखर पाळलेल्या होत्या.

रविवारी लार्शांकडे निघालो. फाइल आखणाऱ्या मुलाचं कसब मला त्या दिवशी कळलं. लार्शांला एक जुनं प्रचंड चर्च आहे, त्याचा मनोरा सुमारे ५० मीटर उंच आणि अर्धा ढासळलेला. सरळ डांबरी रस्त्याने गेलं तर मनोरा गावात शिरल्यावरच दिसला असता. आम्हाला त्याने शेतांच्या बाजूने, चार किलोमीटर वळसा घालून आणलं. बीटच्या शेतातून वाट चढत जाते आणि टेकाडावर आल्यावर मैदानात एकटाच तो तुटका मनोरा दिसतो, गाव दिसतच नाही. मग पुढचे वीस मिनिटं तो मोठा होत जातो. दुसऱ्या दिवशी शातो-लांदोंला पुन्हा तसंच. गाव कड्यावर आहे आणि रस्त्याने त्याला खालून, नदीकाठच्या झाडांतून समोर आणलं. हे आपोआप होत नाही. कोणीतरी तीन-चार वाटा चालून, परत फिरून, ही निवडलेली असते. मी नंतर त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, दर वसंतात तो पूर्ण रस्ता स्वतः एकदा फिरतो आणि दर वर्षी दोन-तीन ठिकाणी बदलतो.

आता तक्रार. लार्शां सोडल्यावर नमूरच्या दिशेला चुनखडीची पांढरी वाट लागते. त्या भागातल्या शेतजमिनीत चकमकीचे दगड आहेत, नांगरताना वर येतात आणि वाटेवर पडतात. फुटलेला चकमकीचा दगड म्हणजे काचच. माझ्या मागच्या टायरला सहा-सात मिलिमीटरची चीर गेली. टायर ट्यूबलेस. आत पातळ चीक भरलेला असतो, भोक पडलं की तो बाहेर येऊन तिथेच जमतो आणि हवा थांबते. माझ्या टायरमधून चिकाचा थेंबही आला नाही. टायर उघडून बघितलं तर आतल्या बाजूला साय सुकून पातेल्याला चिकटावी तसा पापुद्रा. चीक कित्येक महिन्यांपूर्वी भरलेला असणार. तो काही महिन्यांत सुकतो, पुन्हा भरावा लागतो. मोठी चीर कदाचित चिकाने भरलीही नसती, हे मी मान्य करतो. पण भाड्याने देताना टायर हलवून आतला खळखळाट ऐकणं हे दहा सेकंदांचं काम आहे, आणि ते झालं नव्हतं. मीही स्टँडवर सगळं ऐकलं, पण तो आवाज मला ऐकायचा असतो हे माहीत नव्हतं, कारण येऊरला मी ट्यूबच वापरतो.

दुकानाने दिलेल्या पिशवीत ट्यूब होती. ती घालायची तर आधी रिममधला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो, आणि त्याचा नट बोटांनी हलेना. पिशवीत पकड नव्हती. दोन्ही बाजूंना नुसती शेतं, रविवारची दुपार. लेकीने फोन लावला. मुलाने पहिल्या रिंगला उचलला, पण तो होता तीसेक किलोमीटरवर.

तेवढ्यात लांबून ट्रॅक्टर आला. साठीतला शेतकरी, निळा डगला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चाकाकडे बघितलं आणि काही न विचारता पेटीतून पकड काढून माझ्यासमोर धरली. मी खिशातला रुमाल नटावर गुंडाळला, रिमला दात लागू नयेत म्हणून. ते बघून त्याने माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या नखांच्या कडांना काळ्या रेघा आहेत, एकतीस वर्षांचं ग्रीस, निवृत्तीनंतरही पूर्ण गेलेलं नाही. त्याने आपला पंजा उघडून दाखवला. तशाच रेघा होत्या.

चीर आतून झाकायला काहीतरी चिवट हवं होतं, नाहीतर ट्यूब फुगून बाहेर आली असती. सॅकमध्ये आमच्या हिने दिलेला पातळ पोह्यांचा चिवडा होता. तो आम्ही तिघांनी ट्रॅक्टरच्या सावलीत बसून संपवला आणि त्याच्या चकचकीत पाकिटाच्या चार घड्या करून मी टायरच्या आत बसवल्या. शेतकऱ्याने कढीपत्त्याचं पान बोटांत चुरगळलं, हुंगलं, आणि खाल्लं. त्या घडीवर मी नमूरपर्यंत आलो, हवा जराही उतरली नाही.

संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन नमूरला आला. माझी बाजू ऐकून घेतली, टायर उघडून स्वतः पापुद्रा बघितला आणि चूक आमची म्हणाला. नवा टायर बसवला, दोन्ही सायकलींच्या चारही चाकांत चीक भरला आणि एका दिवसाचं सायकलचं भाडं परत केलं. रविवारी संध्याकाळी, मी न मागता. सेवा म्हणून मी याचे पूर्ण गुण देतो. पण पिशवीत एक छोटी पकड ठेवा, असं मी त्याला सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो, आपली आपण न्या.

नवा टायर हचिन्सनचा होता, तुआरेग नावाचा. दुसऱ्या दिवशी मोंतार्जीला पोचताना मुलाने मुद्दाम सांगितलेलं आठवलं. हचिन्सनचा जुना कारखाना तिथेच आहे, शालेत गावात, १८५३ सालापासून. १९२० च्या दशकात शिकायला आलेले बरेच चिनी तरुण इथे कामाला लागले होते. पुढे चीनची धुरा सांभाळणारे डंग शियाओपिंग त्यातलेच एक, १९२२ साली या कारखान्यात मजुरी करत होते. मी त्या गावातून कारखान्याच्या नावाच्या टायरवर गेलो. आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मंडळींना हे सांगायचंच असं मी तेव्हाच ठरवलं.

पण मोंतार्जीला पोचलो तो दिवस सोमवारचा होता, आणि सोमवारचा आम्हाला त्रास झाला. फाइलमध्ये नळ आहेत, कुत्री आहेत, पण दुकानं कधी बंद असतात ते नाही. खेड्यांतल्या बऱ्याच बेकऱ्या आणि खाणावळी सोमवारी बंद. ज्या उघड्या त्याही बारा ते दोन जेवण वाढतात, सव्वादोनला गेलं तर मिळत नाही. शातो-लांदोंच्या कड्यावर चढून गेलो तर चौकात एकही दार उघडं नव्हतं. राजगिऱ्याचे दोन लाडू आणि मिलीतून आणलेलं एक सफरचंद, एवढ्यावर दुपार काढली. माझं वय एकसष्ट. भरल्या पोटाने मी शंभर किलोमीटर जातो, रिकाम्या पोटी तीस किलोमीटरला पाय थरथरतात. हा दोष दुसऱ्या क्रमांकाचा, पण सहज दूर होण्यासारखा. शनिवार-रविवारी भरपूर घेऊन ठेवा, किंवा फेरी मंगळवारी सुरू करा.

शातो-लांदों तरीही चुकवू नका. या परिसरातल्या खाणींचा दगड पॅरिसच्या मोंमार्त्रवरच्या पांढऱ्या चर्चला वापरला आहे, साक्रे-कर साठी. पावसाचं पाणी लागलं की हा दगड चुना सोडतो, म्हणून काळा पडण्याऐवजी पांढरा होत जातो. माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला, दर पावसाळ्यात काळ्या होणाऱ्या भिंती बघण्यात बालपण गेलं. म्हणून मी त्या गावातल्या प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत चाललो.

मोंतार्जी कालव्यांचं गाव, छोटे छोटे पूल, पुलांच्या कठड्यांवर फुलं. इथली प्रालीन सतराव्या शतकापासूनची, भाजलेल्या बदामावर साखरेचा खडबडीत थर. तोंडात टाकली आणि मी लेकीला म्हटलं, काटेरी हलवा. ती म्हणाली, आजीचा. घरी न्यायला दोन डबे घेतले.

चौथा दिवस ब्रियारच्या कालव्याच्या काठाने. पूर्वी माणसं आणि घोडे ज्या वाटेवरून होड्या ओढत, तीच ही वाट, दोन्हीकडे झाडं, चढ जवळपास नाही. काही भागांत गवत आणि मुळं, काही भागांत बारीक खडी. पंचावन्न किलोमीटरपैकी पहिले तीस मला थोडे एकसुरी वाटले. लेकीला तेच सगळ्यात आवडले, कारण तिथे आम्ही शेजारी शेजारी चालवत बोलू शकलो. दोन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो, व्हिडिओ कॉलवर बोलणं होत नाही. तेव्हा एकसुरी म्हणतो ते फक्त वाटेबद्दल.

रोन्यी गावात मी तासभर थांबलो. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक सात दगडी हौद, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या काळात १६०४ साली काम सुरू झालं, कालवा १६४२ साली पुरा झाला. सेन आणि लुआर या दोन नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारा हा कालवा. दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा ओलांडायचा तर होडी एका हौदात घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून होडी वर उचलायची, मग पुढचा हौद. १८८७ पर्यंत होड्या याच पायऱ्यांनी चढत उतरत होत्या. आता हौद कोरडे आहेत, पण दारांच्या बिजागऱ्यांचे खड्डे दगडात स्पष्ट दिसतात. मी प्रत्येकात हात घालून बघितला. सातव्या हौदाशी खड्डा एका बाजूने जास्त झिजलाय, म्हणजे ते दार कललेलं असणार आणि कोणीतरी वर्षानुवर्षं ते जोर लावून ढकललं असणार.

आणि ब्रियारचा पूल. कालव्याला लुआर नदी ओलांडायची होती. आधी होड्या नदीतच उतरायच्या, पूर आला की अडकायच्या, पाणी आटलं की अडकायच्या. म्हणून १८९६ साली नदीवरून कालवाच नेला. ६६२ मीटर लांबीची पोलादी पन्हाळ, खाली दगडी खांब, आणि ते खांब गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीने बांधलेले. २००३ साली जर्मनीत माग्देबुर्गचा पूल होईपर्यंत शंभर वर्षांहून जास्त काळ हा युरोपातला असा सगळ्यात लांब पूल होता. दोन्ही कडांना चालायची वाट आणि दिव्यांचे खांब. आम्ही सायकली हातात धरून चाललो. डाव्या हाताला कालव्याचं स्थिर पाणी, त्यात झाडांचं प्रतिबिंब, आणि कठड्यावरून खाली बघावं तर वाहती नदी. मध्यावर एक लांबट होडी समोरून आली. तिच्यातले म्हातारा-म्हातारी चहा पीत होते, आमच्या कंबरेच्या उंचीवरून, नदीच्या वरून, सावकाश पुढे गेले. पोलादी पत्र्याच्या कडेला रिव्हेटच्या रांगा आहेत. मी खाली बसून बघितल्या. एकाही रिव्हेटच्या डोक्याखाली गंजाचा ओघळ दिसला नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं पोटात पाणी घेऊन उभं असलेलं काम, आणि रंगाचा शेवटचा हात नीट घासून दिलेला. ज्यांनी कोणी तो दिला त्यांना मी मनातून नमस्कार केला.

परतीला ब्रियारहून आगगाडी, मोंतार्जीला बदलून फॉन्तेनब्लो. सायकलला वेगळं तिकीट लागलं नाही, डब्यावर सायकलचं चित्र असतं तिथे चढवायची. पॅरिसजवळच्या गाड्यांत गर्दीच्या वेळी सायकल चालत नाही, तेवढी वेळ बघून निघा. डब्यात सायकल धरून बसलो होतो तेव्हा सारखं वाटत होतं, मुलुंडहून सकाळच्या लोकलने अशीच सायकल कसाऱ्यापर्यंत नेता आली, तर आमच्या ग्रुपमधल्या दोघांना गाडी भाड्याने करावी लागणार नाही. ते दोघे खर्चामुळे घाटाच्या फेऱ्यांना येत नाहीत.

आणखी थोडं, जाणाऱ्यांसाठी. गावाबाहेर अंधारात चालवायचं तर चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं बेकायदा आहे. गावांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो लहान गल्लीतून येत असला तरी. हे अंगात भिनायला मला दोन दिवस लागले. सप्टेंबरात सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा आपल्या सवयीने पाचला उठून उपयोग नाही. शिकारीचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो, जंगलात शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर ती वाट सोडा.

सायकली परत द्यायला गेलो तेव्हा बापाने माझं चाक कानाशी धरून हलवलं. चीक खळखळला. मी त्याला सांगितलं की आमच्या सेक्शनमध्ये ब्रेकचं अस्तर बदललं की ड्रमवर तारीख लिहायचो, मग कोणाला लक्षात ठेवावं लागत नाही. लेकीने सांगितलं, त्याने ऐकलं, आणि ड्रॉवरमधून पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल आणि पेन काढून माझ्याकडे दिला. मी पट्टी तोडली, रिमवर व्हॉल्व्हशेजारी चिकटवली आणि चीक भरल्याची तारीख लिहिली, आमच्या बसच्या कपाळावर असतात तशा मराठी आकड्यांत. मुलाने तो आकडा कोणता म्हणून विचारलं. मी एकापासून नऊपर्यंत सगळे आकडे त्याच्या वहीत लिहून दिले. मग त्याने रॅकवरची पुढची सायकल खाली उतरवली आणि तिचं चाक कानाशी धरलं.